डबीत बसलं की बाद

मुखेडात एखाद्या घरी लेकरू जन्माला आलं की पेढ्यांच्या आधी सल्ले येतात आणि सल्ल्यांच्या मागोमाग खेळणी. सल्ला द्यायला पैसे पडत नाहीत आणि खेळणं आणायला डोकं लागत नाही, त्यामुळे दोन्हींचा पुरवठा अखंड असतो. आमचा नातू आजोळाहून पहिल्यांदा आमच्याकडे आला तेव्हा तो नुकता बसायला लागला होता, म्हणजे उशी काढली की कलंडत होता. त्याला आलेल्या आहेरात ढोल वाजवणारी तीन माकडं, क्रिकेटची एक बॅट, पाढ्यांचा तक्ता आणि एक तीनचाकी सायकल होती. सायकल आणणारे मामा म्हणाले, "वाढत्या अंगाची घेतलीय."

एका अग्निशमन बंबाच्या खोक्यावर गोल चिन्ह होतं. त्यात ०-३ असा आकडा, बाजूला लेकराचं रडकं तोंड आणि त्यावरून आडवी तिरपी रेघ. जगभर या चिन्हाचा अर्थ ‘तीन वर्षांच्या आतल्या मुलाला हे देऊ नका’ असा होतो. बंब आणणाऱ्या आमच्या मेहुण्यांनी मात्र तो मोठ्या विश्वासानं फोड करून सांगितला, "हे बघा, शून्य ते तीन वर्षांचं लेकरू यानं खेळलं की रडत नाही. रडण्यावर काट मारलीय."

आमची सूनबाई पुण्याच्या एका कंपनीत काम करते आणि सध्या ते काम मुखेडातून करते. म्हणजे वीज असली की ती पुण्याची असते आणि गेली की आमची. एका अशाच अंधाऱ्या दुपारी तिनं मला बोलावलं आणि म्हणाली, "बाबा, खेळण्यांचं खातं आजपासून तुमच्याकडे. आयएसआय मार्क बघायचा, रंग बघायचा, बारीक भाग बघायचे. तुम्ही शिक्षक होतात, तपासायची सवय आहे तुम्हाला."

जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्य घालवलेल्या माणसाला निवृत्तीनंतर कुणी ‘खातं’ देतंय म्हटल्यावर मी ते तडक स्वीकारलं. पिशवी घेतली, चष्मा पुसला आणि बाजारात गेलो.

"आयएसआय मार्कची खेळणी दाखवा."

दुकानदारानं माझ्याकडं काळजीनं पाहिलं. "सर, आयएसआय बोअरच्या मोटारीला असतंय. पायपाला असतंय. बाहुलीला कशाला लागतंय?"

मी त्याला समजावलं, की १ जानेवारी २०२१ पासून देशात चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना हा मार्क सक्तीचा आहे. साध्या खेळण्याला एक मानक, विजेवर किंवा सेलवर चालणाऱ्याला दुसरं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, तुमच्या हेल्मेटवर हाय का आयएसआय?"

"माझ्याकडे हेल्मेटच नाही."

"मग?" असं म्हणून तो पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळला. वादविवाद स्पर्धेचा परीक्षक म्हणून मी आयुष्यभर बसलो, पण इतका नेमका ‘मग’ कधी ऐकला नव्हता.

अखेर त्यानं मागच्या फळीवरून मार्क असलेली एक गाडी काढून दिली. तिच्यावर इतकी धूळ होती, की मार्क बोटानं चाचपूनच वाचावा लागला. शेजारी बिनमार्काची, तीच गाडी वाटावी अशी दुसरी होती. तिचं चाक घरी पोचेपर्यंत टिकलं असतं असं काही सांगता येत नव्हतं. आपल्या तेरच्या वस्तुसंग्रहालयात सातवाहनांच्या काळातल्या मातीच्या बाहुल्या अजून नाकीडोळी नीटस बसलेल्या आहेत. दोन हजार वर्षांत ना त्यांना कुणी मार्क दिला, ना वॉरंटी कार्डावर शिक्का मारला.

मार्काचं झालं. आता बारीक भाग. सूनबाईनं सांगितलेला नियम असा: तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या घशात काय अडकू शकतं हे ठरवायला जगात एक ठरावीक नळी वापरतात. तिचं तोंड ३१.७ मिलिमीटर रुंद आणि तळ तिरपा, कमीत कमी २५.४ आणि जास्तीत जास्त ५७.१ मिलिमीटर खोल. वस्तू न दाबता, कशीही धरून सोडली आणि ती पूर्ण आत गेली, की ती बाद. ती म्हणाली, "घरी तपासायचं तर टॉयलेट पेपरच्या गुंडाळीतली पुठ्ठ्याची नळी वापरतात बरेच जण."

मुखेडात ही नळी शोधायला निघालेल्या माणसाला लोक काय म्हणतील याचा मी फार विचार केला नाही. एका दुकानात विचारून पाहिलं. मालक म्हणाला, "आपल्याकडं पाण्याची टंचाई हाय सर, पण इतकी नाई."

तेवढ्यात मला फोटोच्या रोलची डबी आठवली. काळी, गोल, वर करड्या झाकणाची. तिचं तोंड साधारण त्याच मापाचं. बसस्टँडकडच्या एका जुन्या स्टुडिओत गेलो. स्टुडिओवाला माझाच विद्यार्थी.

"रोल तर कव्हाच बंद झाले सर. डबी एक हाय, पण बायको त्यात हिंग ठेवती."

हिंग कागदात बांधून त्यानं डबी माझ्या स्वाधीन केली. राष्ट्रीय मानकाच्या इतक्या जवळ जाणारं उपकरण तालुक्यात दुसरं कुठं असेल असं मला वाटत नाही. असलंच तर त्याला हिंगाचा वास तरी नसेल.

घरी येऊन तपासणी सुरू केली. बॅट पास. सायकल पास. तिन्ही माकडं पास, फक्त एकाचा टिकली एवढा डोळा आधीच निघून आला होता, तो नापास. नातवाचं पोट तपासून घेतलं. डोळा गादीखाली सापडला. तासाभरात खेळण्यांचा निकाल लागला आणि माझ्या लक्षात आलं, की खेळणी बरीचशी पास आहेत. घर नापास आहे.

सुपारी: बाद. चिंचोका: बाद. शेंगदाणा तर डबीच्या तोंडाला न शिवता थेट तळाला. हिच्या कुड्या, माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या, शर्टाचं बटण, देव्हाऱ्यातला बाळकृष्ण, अडकित्त्याची ढिली मळसूत्री खिळी, सोंगट्या, खडूचे तुकडे (सवय म्हणून अजून खिशात असतात), सगळे बाद. टीव्हीच्या रिमोटमधले लांबुडके सेलही बाद आणि नातवाच्या गाणाऱ्या पुस्तकातला चपटा गोल सेल तर सर्वांत आधी, कारण तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजतो. हे वाचल्यावर मी त्या पुस्तकाचा स्क्रू इतका आवळला, की आता ते फक्त मनातल्या मनात गातं.

बाद झालेला माल मी स्वयंपाकघरातल्या उंच फळीवर ठेवायला सुरुवात केली. बाळकृष्ण उचलला तेव्हा हिनं हात धरला.

"देवाला कुठं घेऊन चाललाव?"

"डबीत बसला."

"तुमचं डोकं बसतंय का बघा त्यात."

डोकं बसलं नाही. म्हणजे मी मानकानुसार सुरक्षित.

इथवर सगळं घरातल्या घरात होतं. पण मुखेड हे असं गाव आहे, की सकाळी घरात शिंकलं तर संध्याकाळपर्यंत जांबच्या फाट्यावर कुणीतरी सुंठ सुचवतं. ‘सरांकडं डबी आहे’ ही बातमी पसरली आणि नातेवाइकांची रीघ लागली. नियम सगळ्यांना पटला. एकानंही वाद घातला नाही. फक्त प्रत्येकाची एकच लहान अट होती: आपण आणलेल्या वस्तूला तो लागू करू नये.

आत्यानं चांदीचा खुळखुळा आणला होता, त्याला बारीक घुंगरू. मी एक घुंगरू जरासं ओढलं, ते हातात आलं आणि डबीत गेलं. आत्या म्हणाली, "अरे, चांदी हाय ती! चांदी अडकत नसती." देवदर्शनाहून आलेल्या शेजारीणबाईंनी खोबऱ्याचा तुकडा, खडीसाखर आणि शेंगदाणे नातवाच्या मुठीत कोंबले. मी डबी पुढे केली, तर हात जोडून म्हणाल्या, "परसादाला डबी लावताव सर? तुम्ही शिकवलेलं काय आठवत नाई, पर असलं नव्हतं शिकवलेलं." मावशीच्या दृष्टमण्यांनी तर डबीचा तळ झाकला. मावशी चिडली. "नजर लागू नये म्हणून बांधलंय ते. आता तुमच्या डबीचीच नजर लागायली."

आणि मग माणसं शास्त्र शिकली. चार दिवसांनी व्याहीबुवा उदगीरहून आले. त्यांनी आणलेली चिमणी मी डबीत सोडणार, तेवढ्यात म्हणाले, "थांबा, माझ्या हातानं टाकतो." त्यांनी ती अशी आडवी, अशी तिरकी धरली, की चोच काठाला अडली. "बसत नाही बघा!" मी म्हणालो, "सरळ सोडा." ते म्हणाले, "लेकरू काय सरळ धरून गिळतंय होय?" मानकात ‘कशीही धरून’ असं का लिहिलंय ते मला त्या क्षणी कळलं. नियम करणाऱ्या समितीतही एखादे व्याही असणार.

हाच तिरकेपणा पुढे गावभर गेला. डबी शेजारी मागून नेत. जावेनं दिलेली वस्तू सरळ सोडली जायची, बहिणीनं दिलेली आडवी. एका घरात तर सासूचं खेळणं नापास करायचं म्हणून ते आधी मोडलं, मग त्याचे तुकडे डबीत टाकले. डबी परत आणून देताना ती सून म्हणाली, "लई उपयोगाची हाय हो सर. यंदाच्या पंचमीला अजून एकदा द्या."

मीही कुणी संत नाही. सीमेपलीकडं निर्मल आहे. तिथली पुनकी लाकडाची फळं आणि भाज्या प्रसिद्ध. नोंदणीकृत हस्तकारागिरांच्या आणि भौगोलिक मानांकन असलेल्या वस्तूंना त्या आयएसआय सक्तीतून सूट आहे, हे मला ठाऊक होतं, म्हणून मी छाती काढून तिथून एक टोपली आणवली. हुबेहूब आंबा, हुबेहूब वांगं. इतकं हुबेहूब, की नातवानं पहिल्याच भेटीत आंब्याला हिरड्या लावल्या. रंग दातात गेला तर, म्हणून सूनबाई धावली. देशात घरगुती रंगात शिशाची मर्यादा दहा लाखात नव्वद भाग, हे तिनं एका दमात सांगितलं. माझ्याकडं त्या आंब्याच्या रंगाचा दाखला नव्हता. शिवाय टोपलीतलं लिंबू डबीत अलगद बसलं. मी त्याला ग्रेस मार्क दिले. शिक्षकी पेशात ही तरतूद असते. सूनबाईनं ग्रेस रद्द करून टोपली शोकेसमध्ये लावली आणि आता पाहुणे तिच्यातलं वांगं उचलून ‘किती किलो?’ विचारतात.

डबीचा खरा पराभव मोठ्या वस्तूंनी केला. व्याह्यांनी चिमणीबरोबर एक वॉकर आणला होता. गोल, चाकांचा, समोर बारा प्रकारचे आवाज काढणारं ताट. तो डबीत बसायचा प्रश्नच नव्हता. व्याहीबुवा विजयी मुद्रेनं म्हणाले, "हा तर पास ना?" आता त्यांना कसं सांगावं, की कॅनडानं २००४ पासून वॉकर विकायलाच बंदी घातलीय! त्यात बसवलेलं मूल एका सेकंदात तीन फुटांहून जास्त पळतं. पायरी, चूल, उकळता चहा, काही असो, आपण ‘अरे’ म्हणेपर्यंत ते तिथं पोचलेलं असतं. आणि त्यानं चालायला लवकर येत नाही. उलट कधी उशीरच होतो. आपला लाकडी पांगुळगाडा त्या मानानं समजूतदार होता. लेकरानं आपल्या पायावर उभं राहायचं, दांडी धरायची, ढकलायचं. उभं राहता आलं नाही तर गाडा हलत नाही. त्याला बसून चालायची सोय नव्हती.

हे मी व्याह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "कॅनडात बर्फ असतंय. घसरत असेल तिथं."

अशी मोठी मंडळी डबीतून सहीसलामत सुटत राहिली. वर्षाच्या आत लेकराला मध चाटवू नये, त्यातल्या एका जंतूच्या बीजाणूंनी बाळाला लकव्यासारखं दुखणं येऊ शकतं. पण मधाची बाटली डबीत बसत नाही. डोकं गोल व्हावं म्हणून शिवलेली मोहरीची उशी डबीत बसत नाही, जरी डॉक्टर वर्षभर उशीच नको म्हणतात. रडणं थांबावं म्हणून काका हातात देतात तो मोबाईल डबीत बसत नाही, जरी जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये वर्षाखालच्या मुलाला पडदा अजिबात नको म्हटलंय. आणि सर्वांत मोठी, डबीत न बसणारी वस्तू म्हणजे मोटारसायकल.

चिरंजीव सुट्टीला आले आणि एका संध्याकाळी मोटारसायकलवर सगळ्यांना घेऊन देगलूरला लग्नाला निघाले. टाकीवर पुतण्या, मध्ये नातू, मागं सूनबाई, तिच्या हातात आहेराचा कुकर. मी फाटकात आडवा झालो. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर बसवायचं तर त्याला चालकाशी बांधणारा पट्टा हवा, त्याच्या मापाचं हेल्मेट हवं आणि वेग ताशी चाळीसच्या आत हवा. केंद्राचा हा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे.

चिरंजीव म्हणाले, "चाळीसची काही काळजी करू नका बाबा. आपल्या रस्त्यांनी तो नियम आधीपासूनच पाळलाय."

"आणि पट्टा?"

"मधोमध दाबून बसवलाय की. हलूच शकत नाही." त्यांनी मागं पाहिलं, तर नातू खरंच हलू शकत नव्हता, कुकरनं त्याला तिसऱ्या बाजूनंही पक्कं केलं होतं. सूनबाई मात्र उतरली. शेवटी मंडळी एसटीनं गेली आणि मोटारसायकलवर एकटा कुकर गेला, सुरक्षित.

या सगळ्या धामधुमीत ज्याच्यासाठी हे चाललं होतं तो गृहस्थ काय खेळत होता? डीएडला असताना मी ताराबाई मोडकांवर टीप लिहिली होती. बोर्डी आणि कोसबाडला त्यांनी परिसरातल्या पानाफुलांतून, बियांतून, शंखशिंपल्यांतून बालवाडी उभी केली, वगैरे. तिथली मुलं जाणती होती, बिया गिळायचं वय सरलेलं. आमच्या नातवाला मी लाकडाचे ठोकळे दिले, रंगीत कड्या दिल्या, कापडाचा हत्ती दिला. सगळं बघून त्यानं एका मागोमाग एक खाली टाकलं. खाली टाकणं हाच मुळी त्याचा खेळ. उचलून देणारा आजोबा हे त्यातलं मुख्य यंत्र.

काही दिवस पाहून त्याची स्वतःची चाचणी माझ्या ध्यानात आली. ती नळीबिळीपेक्षा सोपी आहे. ती वस्तू आत्ता कुणाच्या हातात आहे का? असेल तर खेळणं, नसेल तर सामान. आजी चपाती लाटत असेल तर लाटणं हवं. आजीनं लाटणं त्याला दिलं आणि पळी घेतली की लाटणं फेकून पळी हवी. दुकानात जाऊन शंभर वस्तू निवडण्यापेक्षा एकच वस्तू आणावी आणि घरातल्या सर्वांनी ती आळीपाळीनं वापरत बसावं, एवढाच या क्षेत्रातला माझा शोध. घरात एवढी रिकामी माणसं हवीत. आमच्याकडं मी एक आहे.

मध्यंतरी गावात डबीची इतकी धास्ती बसली, की लोकांनी खेळणी आणायचंच सोडलं. ‘सर बाद करतील’ म्हणून जो येईल तो पाकीट देऊ लागला. मला वाटलं, सुटलो. नोट घडी घातली तर डबीत जाते खरी, पण लेकराच्या हातात ती पडतेच कशाला. आमच्याकडं आहेराची नोट हिच्या कमरेच्या पिशवीपर्यंत निम्मा सेकंद घेते.

पण आहेराची पाकिटं एकशे एक, दोनशे एक, पाचशे एक अशी असतात आणि तो शेवटचा एक रुपया पाकिटाच्या तोंडाशी डिंकानं चिकटवलेला असतो. नातवानं पहिलंच पाकीट तोंडात घातलं आणि डिंक विरघळायला लागला. मी झडप घातली. रुपया सोडवला, डबीवर धरला, सरळ सोडला. टण्!

ही बातमी मी त्या पाहुण्यांना सांगितली, तर त्यांचा चेहरा पडला. "मग काय शंभरच देऊ म्हणता? अपशकुन की हो तो."

"रुपया माझ्याकडं द्या," मी म्हणालो. "शुभ ते शुभ राहील आणि नातवाच्या हाती लागणार नाही."

तोडगा सगळ्यांना मान्य झाला. हिशेबाच्या वहीत मी दोन रकाने आखले. नोटा नातवाच्या नावावर, रुपये माझ्या खिशात. बघता बघता खिसा जड झाला, चालताना वाजू लागला. दूध नको, हत्ती नको, कड्या नकोत. लेकरू आता तो आवाज ऐकून लांबून रांगत येऊ लागलं, धोतराला धरून उभं राहू लागलं आणि परवा तर त्यानं खिशात मनगटापर्यंत हात घातला. मुठीत रुपया, खडूचा तुकडा आणि सुपारीचं खांड. मूठ सोडवायला तिघं लागलो.

सूनबाईनं तिन्ही वस्तू माझ्यासमोर एकेक करून डबीत सोडल्या. तिन्ही गेल्या. ती काही बोलली नाही. मोठ्या माणसाला बाद कसं म्हणायचं, या विचारात असावी. ते काम हिनं केलं. पोळपाट बाजूला सारत फळीवरची जागा हातानं पुसली आणि म्हणाली,

"स्टूल आणून देऊ, का आपलं आपण चढताव?"